दुसरी सही

आमच्या सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात. एकदा ऐन मे महिन्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम अडलं ते दुसऱ्या सहीपायी. सेक्रेटरींची सही झाली होती, खजिनदार गावी गेले होते, आणि ठेकेदाराचे रोज फोन येत होते. मीही चिडलो होतो. खजिनदार परतले, आधी बिल मागून घेतलं, टेप घेऊन गच्चीवर गेले. बिलातलं क्षेत्रफळ प्रत्यक्षापेक्षा जास्त निघालं. कुणी लबाडी केली नव्हती. आकडा जुन्या नकाशावरून घेतला होता. पण सेक्रेटरींना ते दिसलं नव्हतं. काम त्यांनीच ठरवलेलं, मग त्यांना ते दिसावं तरी कसं?

महापालिकेची बातमी वाचताना मला ती दुसरी सही आठवते.

कायदा करणारे, तो राबवणारे आणि निवाडा देणारे वेगळे असावेत, हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. विधानभवनात ही विभागणी पुरती होत नाही, कारण मंत्री हे सभागृहाचेच सदस्य असतात. महापालिकेत मात्र सभागृह आणि प्रशासन यांच्यातली रेघ अधिक ठळक आहे. आयुक्त राज्य शासन नेमतं. ते महासभेत बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसतं. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं, स्थायी समितीने तपासायचं, महासभेने मंजूर करायचं. ही रेघ १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने आखलेली आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांच्या प्रकरणात या रेघेचीच परीक्षा झाली. ही गावं १९८३ मध्ये पालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आली. जून २०२० मध्ये शासनाने त्यांतली पिसवली, दावडी, सोनारपाडा अशी १८ गावं वगळली. त्यांची वेगळी नगर परिषद व्हायची होती. गावकऱ्यांपैकी अनेकांची ती जुनी मागणी होती, आणि ती गैर होती असं मला वाटत नाही. पण हद्द बदलण्याआधी महापालिकेशी विचारविनिमय करावा, असं कायदा सांगतो. शासनाने आयुक्तांचं मत घेतलं होतं, महासभेला विचारलं नव्हतं. ४ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने गावं वगळणारी शासनाची अधिसूचना रद्द केली. महापालिका म्हणजे निवडून आलेलं सभागृह, एकटे आयुक्त नव्हेत, असा त्याचा अर्थ.

आणि इथेच माझं मन अडकतं. सभागृहाला विचारायला हवं होतं, असं न्यायालय म्हणालं तेव्हा सभागृहच उरलं नव्हतं. २०१५ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत आदल्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असं राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं. पण कोविड आला, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे वाद सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या. न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं, तरी मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. ठाण्यातही मार्च २०२२ पासून हेच चाललं होतं. तिथल्या महापालिकेच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहात महासभा भरत नव्हती.

या काळात आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव त्यांचा, मंजुरीही त्यांचीच. अंदाजपत्रक त्यांनी मांडलं, त्यांनीच मंजूर केलं. यात कुणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर मला बोट ठेवायचं नाही. कोविडच्या दिवसांत याच यंत्रणेने रात्रंदिवस राबून शहर सांभाळलं. पण कितीही सज्जन माणूस असला, तरी स्वतःच्याच प्रस्तावावर हरकत कशी घेणार? आमच्या वॉर्डातली बाई नळाला पाणी नाही म्हणून नगरसेवकाच्या दारात जायची. त्या पाच वर्षांत ती प्रभाग कार्यालयाच्या खिडकीपुढे उभी राहिली. तिथे अर्ज घेतात, पोच देतात. तिच्यासाठी महासभेत उभं राहून अधिकाऱ्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं, आणि त्या विचारण्याचं इतिवृत्तही लिहिलं जात नव्हतं.

आता कल्याण-डोंबिवलीतून १२२ जण निवडून आले आहेत. पुढच्या महासभेला मी प्रेक्षक दालनात जाऊन बसणार आहे. विषयपत्रिका आधी मिळवून वाचायची आहे. पिसवलीचा, दावडीचा एखादा विषय पुकारला जाईल तेव्हा त्यावर कोण उठतं, आणि काय विचारतं, ते मला माझ्या कानांनी ऐकायचं आहे.