रथ कुठे आहे?

ट्रायम्फ स्पिटफायरची सिल, म्हणजे दाराखालून जाणारी पत्र्याची लांब पेटी, कापायची असेल तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी वेल्ड करून घ्यावी लागते. या गाडीला पक्कं छप्पर नाही आणि तिची चासी म्हणजे मधोमध एक कणा. कडेची ताकद त्या सिलमध्ये. पट्टी न लावता सिल काढली तर गाडी मध्यात वाकते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. म्हणून दार बसवायचं, फट बघायची, थोडं कापायचं, नवा पत्रा टाक्यांवर धरायचा, पुन्हा फट बघायची. बाहेरची सिल, आतली मजबुतीची पट्टी आणि तिला टेकलेला तळाचा पत्रा एवढं बदललं की त्या बाजूला १९७२ सालचं फार थोडं उरतं. माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात गंजक्या पत्र्याचा ढीग वाढत गेला, तसा एक प्रश्न मला सोडेना. गाडी आता कुठे आहे, स्टँडवर की त्या ढिगात?

मी कोल्हापूरची. अण्णांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं आणि दारात मद्रासला बनलेली जुनी स्टँडर्ड हेरल्ड. लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आले, इथल्या कॉलेजात शिकवलं, निवृत्त झाले. स्पिटफायर याच गावातली, कॅनलेच्या कारखान्यातली. १९६२ साली ती आली तीच मुळी हेरल्डची चासी आखूड करून, आणि दोन्ही गाड्यांची रेखणी इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तींची. त्यामुळे पहिल्यांदा बॉनेट उघडलं (दोन्हींत पुढचं अख्खं नाकच पुढे कलतं) तेव्हा मला सगळं ओळखीचं दिसलं. पुढच्या चाकाचा उभा दांडा ज्यात फिरतो ती ट्रनियन तर तीच. अण्णा मेकॅनिकला बजावायचे, “तिथं ग्रीस न्हाई, त्याल घालायचं.” ग्रीस खालपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस तुटून चाक आडवं होतं. इथलं जुनं मॅन्युअलही तेलच घालायला सांगतं.

प्रश्न माझा नाही, फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, आपला मिलिंद, भिक्खू नागसेनाला भेटला तेव्हाचा तो संवाद. महाराज, आपण रथातून आलात ना? मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांच्या पलीकडे आणखी काही रथ आहे? तेही नाही. शेवटी राजा कबूल करतो की या भागांच्या आधाराने चालणारं ‘रथ’ हे एक व्यवहाराचं नाव आहे. नागसेनाला रथाशी कर्तव्य नव्हतं. ‘मी’ म्हणून कोणी आत बसलेला नाही, हे त्याला दाखवायचं होतं. त्याचा तर्क मला खोडता येत नाही. पण गॅरेजात तो मला पुरत नाही. सडकी गाडी नुसत्या कागदपत्रांसाठी विकत घेऊन तिचा नंबर दुसऱ्याच गाडीला चिकटवणारे लोक या छंदात आहेत. तिथे नाव शाबूत असतं, भागही सगळे असतात, आणि तरी ती लबाडी असते. नावाखेरीज काहीच नसेल तर मग चोरी नेमकी कशाची झाली?

गीतेकडे वळावं, तर तिथे जुनी वस्त्रं टाकून नवी धारण करणारा देही आहे. सिल, तळ, बॉनेट ही वस्त्रं समजू; मग नेसणारा कोण? बहुतेक लोक चटकन इंजिनाकडे बोट दाखवतात. मला ते कधीच पटलं नाही, आणि या देशाच्या सरकारलाही पटलेलं नव्हतं. फेरबदल केलेल्या गाडीला तिचा मूळ नोंदणी क्रमांक राखू द्यावा का, हे ठरवायला इथल्या वाहन नोंदणी खात्याने वर्षानुवर्षे एक गुणपद्धत वापरली. चासी किंवा सांगाड्याला ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. आठ गुण भरले की गाडी तीच. ज्याला आपण प्राण म्हणतो त्याला सगळ्यात कमी किंमत! शिवाय चासी कारखान्यातून नवी आणली तरी चालत असे. म्हणजे खात्यालाही देही सापडला नव्हता. त्याने सोयीची रेघ मारली होती.

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पुरीने. तिथे एकाच देवळात दोन उत्तरं नांदतात. जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती ठरावीक अधिकमासाच्या वर्षी नव्या होतात. २०१५ साली झाल्या, त्याआधी १९९६ साली. त्या नवकलेवराच्या रात्री डोळे बांधलेले, हाताला वस्त्र गुंडाळलेले सेवेकरी जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. हे गीतेचं उत्तर झालं, आत काहीतरी आहे आणि ते पुढे जातं. पण रथयात्रेच्या रथांचं तसं नाही. तिन्ही रथ दर वर्षी नव्या लाकडाचे बांधतात. जुन्या रथातून नव्या रथात कोणी गुप्त काही नेत नाही, तरीही जगन्नाथाचा सोळा चाकांचा रथ तो नंदिघोषच असतो आणि त्याला हात लावायला आलेल्या माणसाच्या मनात शंका नसते. मग त्याचं नंदिघोषपण येतं कुठून? पिढीजात सुतारांच्या हातांतून, ठरलेल्या मापांतून, त्याच रस्त्यावरून त्याच कामासाठी निघण्यातून. थोडक्यात, सेवेतून.

इंग्लंडच्या न्यायालयाने एकदा जवळजवळ हेच म्हटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षं ल मॉंची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे भाग बदलत गेले, १९३२ साली ब्रुकलँड्सला ती मोठं इंजिन घेऊन धावताना उंच कडेवरून बाहेर गेली, चालक क्लाइव्ह डन्फी गेला, आणि उरलेल्यातून ती पुन्हा बांधली गेली. १९९० साली एक कोटी पौंडांचा सौदा झाला आणि घेणारा अडून बसला: ही ती गाडी नव्हेच! १९२९ सालचं तिच्यात जवळपास काहीच उरलेलं नाही, हे न्यायमूर्ती ऑटन यांनीही मान्य केलं. तरीही निकाल गाडीच्या बाजूने गेला. ती मोडून विखुरली आणि नाहीशी झाली, असं एकदाही घडलं नव्हतं. तिचा इतिहास सलग होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलं की वस्तू तिच्या पत्र्यात नसते आणि नुसत्या नावातही नसते. कोणीतरी तिची चाकरी करत आलं आहे आणि तिच्याकडून तिचं काम करवून घेत आलं आहे, ती सलग चाकरी म्हणजे ती वस्तू. नंबर चोरणारा हीच साखळी खोटी करतो, म्हणून ती चोरी.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खुद्द माझ्या गाडीने घेतला. ती कित्येक वर्षं एका शेडमध्ये उभी होती. टायर बसलेले, ब्रेक धरलेले, सीटमध्ये उंदरांची घरं. कुठे होती तेव्हा चाकरी? ज्या बाईंकडून मी ती घेतली त्यांचे यजमान वारले तेव्हा गाडी अर्धी खोललेली होती. बाईंना गाडी चालवता येत नव्हती. पण त्यांनी भंगारवाल्यांना दारातून परत पाठवलं होतं, आणि यजमानांनी काढून ठेवलेला प्रत्येक नटबोल्ट त्यांच्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्यांसह बिस्किटांच्या डब्यांत जसाच्या तसा ठेवला होता. “डावा, मागचा, वरचा” असं लिहिलेली एक चिठ्ठी मी अजून टाकलेली नाही. पंढरीचा पांडुरंग विजयनगरला गेला होता आणि भानुदासांनी तो परत आणला, असं आपली परंपरा सांगते. त्या मधल्या काळात पंढरपूर तुटलं असं कुठला वारकरी म्हणेल? कोणी वाट बघत होतं तोवर सेवा चालू होती. त्या बाईंनी नेमकं तेच केलं.

एकदा हे मानलं की गाडीत काय बदलावं आणि काय नाही, याचं उत्तर आपोआप मिळतं असं नाही, पण विचारायचं काय ते कळतं. २०२१ सालापासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्या ते हळूहळू खातं. त्या बदलल्या. शिसं घातलेलं पेट्रोल गेलं, तेव्हा सिलिंडर हेड लेथवाल्याकडे देऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घेतल्या. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं. पॉइंट, कंडेन्सर चिठ्ठी लावून डब्यात आहेत. गाडीने आजच्या रस्त्यावर तिचं काम करत राहावं यासाठी हे लागतं, आणि पुढच्या माणसाला ते उलटवता येतं. रुंद चाकांसाठी मडगार्डची कड कापणं, झळझळीत डॅशबोर्ड, हे आपल्या मिरवण्यासाठी. पण दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही माझं जुळत नाही. स्क्रूच्या खाचासुद्धा कारखान्यातल्यासारख्या असाव्यात म्हणून जीव टाकतात आणि गाडी ट्रेलरवरून प्रदर्शनाला नेतात. संग्रहालयातल्या मूर्तीची झीज थांबते खरी, पण तिला पाणी घालायला, फूल वाहायला कोणी येत नाही. स्पिटफायर पावसात भिजली पाहिजे, मग पुसून घ्यावी.

इथल्या गाडीच्या नोंदणीपत्रावर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर गाडी सांभाळणाऱ्याचं नाव असतं, आणि आधी किती जणांनी सांभाळली तेही. सरकारी कागदावर इतकं खरं वाक्य क्वचित वाचायला मिळतं.

माझी लेक विजेच्या मोटारींवर काम करते. रविवारी ती येते, सँडपेपर मारते, माझ्यापेक्षा चांगलं मारते. परवा म्हणाली, “आई, माझ्याकडे आली की मी हिच्यात मोटर आणि बॅटरी बसवणार. पेट्रोल पंप तरी किती वर्षं राहणार आहेत?” मला ते खूप लागलं. त्या १२९६ सीसीच्या इंजिनाचा आवाज मी हेरल्डच्या आवाजाशी ताडून बघते, आणि अण्णा गेल्यावर तो आवाज मला दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. रात्री मी वादासाठी मुद्दे गोळा करायला बसले आणि एकही टिकेना. नागसेन तिच्या बाजूचा. खात्याची जुनी गुणपद्धतही तिच्याच बाजूची: चासीला भोक न पाडता मोटर बसवली तर इंजिन आणि गिअरबॉक्स जाऊनही ११ गुण उरतात. मडगार्ड कापणाऱ्याला मी जे विचारते, ते तिला विचारलं तर तिचं उत्तर तयार आहे. गाडी रस्त्यावर राहावी म्हणूनच ती हे करणार आहे आणि उलटवता येईल असंच करणार आहे. आणि चाकरी तिच्याकडे गेली की निर्णयही तिच्याकडे जातो, हे तर माझंच म्हणणं.

सकाळी फोन करून मी तिला एवढंच सांगितलं की इंजिन विकायचं नाही. सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, प्लग परत लावायचे, महिन्या-दोन महिन्यांनी क्रँकशाफ्ट हाताने फिरवायचा, आणि काढलेल्या प्रत्येक बोल्टला चिठ्ठी लावायची. ती म्हणाली, “चिठ्ठ्या मराठीत लिहू का?” मी म्हटलं, इंग्रजीत लिही. तुझ्यानंतर कोणाकडे जाईल ते आपल्याला काय ठाऊक.