नऊ महिन्यांचा हिशेब

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत रसग्रहणाला 4 गुण असतात. त्या गुणांसाठी मुले इतिहास वापरतात तो बहुधा अत्तरासारखा. कवीचे जन्मगाव, एखादा पुरस्कार, 'स्वातंत्र्यपूर्व काळातील ही कविता' असे सुरुवातीला शिंपडायचे आणि आशयसौंदर्याकडे वळायचे. पुढच्या मजकुरात त्या माहितीचा मागमूस नसतो. ज्या माहितीने कवितेची एकही ओळ वेगळी वाचली जात नाही, ती खरी असली तरी उत्तरात कशाला? उलट जी माहिती ओळ बदलते ती कधी कधी कवितेशी भांडतेही. ते भांडण लिहिण्यातच खरा अभ्यास आहे.

सोलापूरच्या कवी कुंजविहारींची 'भेटेन नऊ महिन्यांनी' घ्या. फाशी जाणारा मुलगा आईला धीर देतो, पुन्हा जन्म घेऊन येईन म्हणतो. सोलापुरात ही कविता वाचताना चार हुतात्म्यांचे पुतळे आठवणारच. 8 मे 1930 ला इथे गोळीबार झाला, शहर पेटले, 12 मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. आता एखादा हुशार विद्यार्थी मे ते जानेवारी मोजून कविता जुळवायला जाईल. ते बरोबर आठ भरतात. नऊ भरले असते तरी काय, कवितेतले नऊ महिने आईच्या पोटातले आहेत! शिवाय कविता आधीची की फाशी आधीची, हे तपासल्याशिवाय 'या चौघांवर लिहिलेली कविता' असे ठोकून देता येत नाही.

तारखा बाजूला ठेवल्या तरी इतिहासाचे एक काम उरतेच. मरणाऱ्याने आईला पुनर्जन्माचा शब्द द्यायचा, ही कल्पना हिंदू घरातल्या श्रद्धेवर उभी आहे. फाशीच्या तख्तावर मात्र कुर्बान हुसेनही होते. त्यांच्या आईच्या कानी हा दिलासा कसा पडला असता? या प्रश्नाने कविता लहान होत नाही. तिचे सांत्वन कुठल्या घरातून आले आणि कुठल्या घराच्या उंबऱ्यावर थबकते, ते दिसते. माझ्या मते, लष्करी कायद्यावरच्या दहा ओळींपेक्षा एवढी एक शंका उत्तरात जास्त मोलाची.

राम जोशींच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने होते. सोलापूरचा हा शाहीर उत्तर पेशवाईतला, म्हणून त्यांच्या लावणीत बुडत्या राज्याची चाहूल शोधण्याचा मोह होतो. पण पेशवाई बुडाली 1818 मध्ये, आणि राम जोशी त्याआधीच गेलेले. पुढचे आपल्याला ठाऊक असलेले त्यांच्या तोंडी घालणे म्हणजे संदर्भ नव्हे. त्यांच्याबद्दलची आपली निम्मी समजूत तर 1947 च्या 'लोकशाहीर राम जोशी' चित्रपटाने घडवलेली आहे!

कुठे मात्र संदर्भावाचून पाऊलच पडत नाही. ज. वि. पवारांच्या 'तू झालास मूक समाजाचा नायक' या कवितेचे नाव वाचताना 31 जानेवारी 1920 ला सुरू झालेले डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' हे पाक्षिक आठवले नाही, तर 'नायक' हा नुसता गौरवाचा शब्द उरतो. इथे तारीख प्रस्तावनेत नको, शीर्षकाशेजारीच हवी.

नारायण सुर्व्यांच्या 'दोन दिवस'पाशी सोलापूरची मुले खरे तर पुढे असायला हवीत. 1877 पासूनच्या जुन्या मिलच्या, नंतरच्या नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी मिलच्या आठवणी ज्या घरांत आहेत, तिथे हातांचे मोल पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरीही ही मुले गाईडमधला 'कवी कामगारांचे दुःख मांडतात' हाच परिच्छेद उतरवतात. आजोबांच्या रात्रपाळीलाही संदर्भ म्हणता येते, हे त्यांना वर्गात कोणी सांगितलेले नसते, आणि नमुना उत्तरात तिच्यासाठी अर्धा गुणही राखलेला नसतो.