पुढे कोण बसलंय?

गेली बावीस वर्षे मी डोंबिवलीहून लोकलने बँकेत जातो आणि या बावीस वर्षांत मोटरमनचे तोंड मी नीट असे एकदाही पाहिलेले नाही. तो रात्री पुरेसा झोपला का, निघताना घरी भांडून आला का, यातले काही म्हणजे काही मला ठाऊक नसते. तरीही हजारो माणसे त्याच्या भरवशावर उभ्याउभ्या पेंगत असतात. आणि आता मेट्रोतून चालक जाणार म्हटल्यावर याच पेंगणाऱ्या माणसांची झोप उडाली आहे. असलेल्या माणसाची चौकशी नाही, पण तो नसणार म्हटल्यावर काळजी!

दिल्ली मेट्रोच्या मॅजेन्टा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी बिनचालकाची गाडी सुरू झाली. मुंबईत २०२२ साली सुरू झालेल्या २अ आणि ७ या मार्गांच्या गाड्याही तशाच धावू शकतील अशा बांधलेल्या आहेत. पण आरंभी त्यांत चालक बसवला. हे मी सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, "गाडी आपली आपण चालत असेल, तर त्याला पगार कशाचा?" हा प्रश्न बँकवाल्याच्या घरात कोणी विचारू नये.

मुद्दा असा, की धोका मोजायचा कसा? फ्रेंच इंजिनिअरांनी यासाठी एक तत्त्व काढले आहे. नवी व्यवस्था जुन्या व्यवस्थेपेक्षा एकूणात कमी सुरक्षित असता कामा नये. वाचल्यावर मी खूश झालो. 'एकूणात' हा शब्द कॉमर्सच्या माणसाला फार गोड लागतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच शब्द टोचू लागला.

लंडनच्या मूरगेट स्टेशनात २८ फेब्रुवारी १९७५ रोजी भुयारी गाडी न थांबता सरळ भिंतीवर आदळली. ४३ माणसे गेली. चालकाने ब्रेक का लावला नाही, हे कधीच कळले नाही. यंत्राने तो लावला असता. आता दुसरी बाजू. २२ जून २००९ रोजी वॉशिंग्टनला गाडी यंत्राच्याच ताब्यात होती. पुढे रुळावर गाडी उभी होती, पण रुळातल्या यंत्रणेला ती 'दिसली' नाही. चालकबाईंना दिसली, त्यांनी ब्रेकही ओढला, पण उशीर झाला होता. त्यांच्यासकट नऊजण गेले.

आता करा वजाबाकी! यंत्र ज्यांना वाचवणार ती माणसे वेगळी आणि यंत्र ज्यांना मारणार ती वेगळी. आमच्याकडे देशपांड्यांचे पैसे चुकून देशमुखांच्या खात्यात पडले, तरी ट्रायल बॅलन्स झकास जुळतो. पण म्हणून काउंटरवर आलेल्या देशपांड्यांना "एकूणात बरोबर आहे" असे सांगून पाहा. आणि तरीही एकूण बघितल्याशिवाय निर्णय घेणार कसा? देशपांडे आणि देशमुख दोघांनाही आधीपासून विचारता येत नाही, कारण आपण त्यातले कोण, हे दोघांनाही ठाऊक नसते.

शिवाय माणूस खरोखर जातो कुठे? १९ डिसेंबर २०१७ रोजी याच मॅजेन्टा मार्गाची गाडी चाचणीच्या दिवसांत कालिंदी कुंज डेपोची भिंत फोडून बाहेर डोकावली. कोणाला लागले नाही. यंत्राची अक्कल बिघडली असेल म्हणावे, तर वर्कशॉपमधून निघताना ब्रेक तपासलाच नव्हता, असे निघाले. म्हणजे माणूस पुढच्या केबिनमधून उठला आणि मागच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसला, इतकेच. २४ मे २०२१ रोजी क्वालालंपूरला तर कमालच झाली. बिनचालकाची, प्रवाशांनी भरलेली गाडी मुकाट्याने आपल्या वाटेने चालली होती; समोरून उलट्या दिशेने येऊन धडकली ती चाचणीची रिकामी गाडी, आणि ती चालक हाताने चालवत होता. दोनशेवर लोक जखमी झाले. आमच्या शाखेत कोअर बँकिंग आले तेव्हाही खरी तारांबळ जुन्यामुळे नव्हती आणि नव्यामुळेही नव्हती. दोन्ही एकदम चालू होते त्या दिवसांतली होती.

आमच्या हेडकॅशियरसाहेबांना मात्र हे काही पटत नाही. ते म्हणतात, "अहो, धडक बसली तर पहिली पुढच्याला बसते. त्याला बायकापोरं आहेत, म्हणून तो जपून चालवतो. त्या कॉम्प्युटरला काय, ना पोर ना बाळ!"

बिनतोड वाटते खरे. पण बँकेच्या भाषेत याला तारण म्हणतात. माझ्या मनःशांतीसाठी एक जिवंत गृहस्थ गाडीच्या नाकाशी तारण ठेवायचा! मुंबईच्या उपनगरी रुळांवर अजूनही वर्षाला दोन हजारांवर माणसे मरतात. त्यातली कितीतरी रूळ ओलांडताना जातात, आणि त्यांना शेवटचे पाहतो तो मोटरमन. भोंगा वाजवतो, ब्रेक लावतो, आणि गाडी थांबणार नाही हे त्याला समजलेले असते. बँकेत माझ्याकडे असा प्रसंग फार तर चेक परत पाठवताना येतो. नव्या मेट्रोत फलाटाच्या कडेला दारे असतात, वाट वेगळी असते, रुळावर कोणाला उतरताच येत नाही. यंत्रापेक्षा मला या दारांचे कौतुक अधिक आहे.

तेव्हा माझे मत बिनचालकाच्या बाजूने आहे, फक्त एका अटीवर. आमच्याकडे शंभर रुपयांच्या व्हाउचरवरही दोन सह्या लागतात. गाडी ब्रेक तपासून सोडली, हे लिहिलेल्या कागदावर कोणा एका माणसाची सही हवी, आणि ती वाचता येईल अशी हवी. आमच्या मॅनेजरांसारखी नको.

हेडकॅशियरांना मी हे सगळे ऐकवले. लंडनच्या डॉकलँड्स रेल्वेत १९८७ पासून चालकाची केबिनच नाही, अगदी पुढच्या काचेपाशी प्रवासी बसतात, तेही सांगितले. ते बराच वेळ विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "पुढच्या त्या बाकावर चौथी सीट देतात का हो?"