देणाऱ्याचे मौन

जुनी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा तिच्यासोबत आणखी काय जावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पाट असेल तर पाट जातो, पातेले असेल तर पातेले जाते. पुढचे घेणारा पाहून घेतो. परंतु काही वस्तूंच्या पोटात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही तेच एखाद्या दिवशी घेणाऱ्याच्या जिवावर बेतते. अशी वस्तू देणाऱ्याने किती बोलावे, आणि तो गप्प राहिला तर त्यास दोष द्यावा किंवा कसे, याचा विचार आम्ही येथे एका जुन्या दिव्याच्या निमित्ताने करणार आहोत. तो दिवा म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाची गॅसबत्ती.

बेळगावच्या गल्ल्यांतील आणि निपाणीच्या पेठेतील जुने वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत. वाडा उतरला की माळा रिकामा होतो आणि दोन-तीन पिढ्यांनी वर टाकलेल्या वस्तूंची वाटणी सुरू होते. तांब्याचा बंब, पितळी समया, पानाचा डबा यांना वारस लवकर मिळतात. गॅसबत्तीचे तसे नसते. ती कोणी मोडीत घालतो, कोणी पुण्याच्या पुतण्याला शोभेसाठी देतो, कोणी जुन्या बाजारात विकतो, तर कोणी मळ्यावरच्या राखणदाराला ‘घेऊन जा, तुझ्या कामाला येईल’ म्हणून देऊन टाकतो. विजेच्या आणि बॅटरीच्या दिव्यांमुळे ती पेटवण्याचा प्रसंग आता क्वचितच येतो हे खरे. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेला पूर येऊन यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला होता. तशा दिवसांत वीज जाते, बॅटऱ्या उतरतात, आणि शोभेची म्हणून नेलेली बत्ती खाली काढण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. शोभेची वस्तू वापराची केव्हा होईल हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानी घेतली पाहिजे.

‘गॅसबत्ती’ हे नाव थोडे फसवे आहे. टाकीत असते ते साधे रॉकेल. पंपाने हवा भरली की त्या दाबाने रॉकेल वर चढते; आधी स्पिरिट जाळून तापवलेल्या नळीत त्याची वाफ होते; ती निपलच्या बारीक छिद्रातून जोराने सुटते, वाटेत हवा मिसळून घेते आणि मँटलमध्ये जळते. आपणास दिसतो तो उजेड ज्योतीचा नसून तापलेल्या मँटलचा असतो. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी मँटलचे पहिले पेटंट १८८५ मध्ये घेतले, आणि १८९१ मध्ये थोरियम ऑक्साइड ९९ भाग व सिरियम ऑक्साइड १ भाग हे प्रमाण सापडल्यावर तो खऱ्या अर्थाने यशस्वी झाला. त्या थोरियमला पुढे मागणी इतकी वाढली की १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्रावणकोरच्या किनाऱ्यावर, मणवाळकुरिचीच्या वाळूत, मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज हुडकून काढले. बर्लिनच्या कारखान्याचे माक्स ग्रेट्झ यांनी १९१० च्या सुमारास रॉकेलचा जो दाबाचा दिवा बाजारात आणला, त्याचे नाव पेट्रोलियममधील ‘पेट्रो’ आणि त्यांच्या स्वतःच्या नावातील ‘मॅक्स’ यांवरून ठेवले गेले. ते इतके रुळले की आपल्याकडे कोणत्याही कारखान्याची बत्ती पेट्रोमॅक्सच ठरली.

याच कारणाने जुनी बत्ती ओळखताना बोली नावावर विसंबू नये. टाकीवर आणि किल्लीच्या चाकावर उठवलेले नाव वाचावे. इंग्लंडची टिली, स्वीडनची ऑप्टिमस, चीनची अँकर, आणि गोवा शेजारी असल्यामुळे क्वचित पोर्तुगालची हिपोलितो, अशी वेगवेगळी नावे आढळू शकतात. एका बनावटीचा भाग दुसरीला बसतोच असे नाही. जुन्या बत्तीत मात्र तो पुष्कळदा बळेच बसवलेला असतो आणि गळती तेथूनच सुरू होते. टाकीला चुंबक लावून पाहावे. ते घट्ट चिकटले तर टाकी लोखंडी, आणि लोखंडी टाकीला गंज लागतो तो आतून.

येथे कंदील आणि बत्ती यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आपल्या कित्येक घरांत होता. तो वातीचा दिवा. त्याच्या टाकीत दाब नाही. त्याचे काही बिघडले तर तो काजळी धरतो, धूर करतो, फडफडतो आणि तक्रार सांगून मोकळा होतो. बत्ती शेवटच्या क्षणापर्यंत झगझगीत जळते आणि तिचा दोष पोटातच राहतो. देणाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्न कंदिलापेक्षा बत्तीच्या बाबतीत अधिक तीव्र होतो तो यामुळे.

स्वच्छतेविषयी आपल्याकडे एक समजूत आहे की चिंचेने आणि राखेने लख्ख घासले की वस्तू नवी झाली. समईच्या बाबतीत ते पुरेसे आहे. बत्तीची स्वच्छता आतून सुरू होते. जुने रॉकेल ओतून टाकावे, ताज्या रॉकेलने टाकी दोन-तीनदा खळबळून घ्यावी आणि बाहेर काय पडते ते पाहावे; गंजाचे पापुद्रे पडले तर ती बत्ती पेटवण्याचा विचार सोडावा. पंपातील चामड्याचे वॉशर सुकून आक्रसलेले असेल तर बदलावे, चांगले असेल तर तेलात भिजवून मऊ करावे. निकेलचा मुलामा असेल तर साबणाचे पाणी आणि मऊ फडके एवढेच वापरावे. अमोनिया असलेल्या पॉलिशपासून पितळ दूर ठेवावे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. जवळच्या तबेल्यांतील अमोनिया आणि घडणीच्या वेळी पितळात राहिलेला ताण हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. आपल्याकडच्या पावसात गोठ्याच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टाकीला अशीच केसासारखी चीर गेलेली असू शकते. ती पाहण्यासाठी रॉकेल न घालता, मोकळ्या जागी, थोडी हवा भरावी आणि सांध्यांना व तळाला साबणाचा फेस लावावा. बुडबुडा आला तर तेथे वाट आहे. टाकीला बाहेरून डाग दिलेला दिसला तर ती दाबाच्या कामातून बाद समजावी, कारण उष्णता आणि दाब एकत्र आले की कथलाच्या डागाचा भरवसा धरता येत नाही. मँटल बदलताना जुन्याची राख फुंकू नये. जुन्या मँटलमधील थोरियम किरणोत्सर्गी असते आणि त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी व हात धुवावेत.

वापराचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सवलत नाही. टाकी तीन-चतुर्थांशापेक्षा अधिक भरू नये. रॉकेलशिवाय दुसरे काही घालू नये. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलची वाफ ३५ अंश सेल्सियसच्या खाली पेट घेऊ नये. पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खालीही पेट घेते, म्हणून रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ झाली तर हाती बत्ती न राहता बाँब राहतो. नळी पुरती तापल्याविना किल्ली उघडू नये. भडका झालाच तर टाकीवरचा हवेचा स्क्रू सैल करून दाब सोडावा. मँटलला भोक पडले तर ज्योत थेट काचेवर जाते, तेव्हा बत्ती तत्काळ विझवावी. पेटलेल्या किंवा गरम बत्तीत रॉकेल भरू नये. आणि दारे-खिडक्या लावून झोपण्याच्या खोलीत ती कधीही ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. यांतील बरेचसे सुज्ञ घेणारा स्वतः तपासू शकेल. पण टाकी एकदा पडली होती, मागे भडका झाला होता, अमक्या साली निपल बदलले आणि तेव्हापासून ती सुसू आवाज करते, या गोष्टी फक्त देणाऱ्याला ठाऊक असतात. त्या त्याने सांगितल्या पाहिजेत काय?

कायद्याचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम १७ असे सांगते की नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे. बोलण्याचे कर्तव्य असताना राखलेले मौन मात्र फसवणूक ठरू शकते. तेथे दिलेली उदाहरणे मार्मिक आहेत. एखाद्याने सदोष घोडा लिलावात विकला आणि दोषाविषयी तो काही बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच; नाते तेवढे बदलले. शासकीय सेवेत आम्ही निकामी सामानाचे लिलाव ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर होताना पाहिले आहेत. व्यवहार सुटसुटीत व्हावा म्हणून ते शब्द उपयोगी आहेत. परंतु त्यांनी व्यवहार मिटतो. मनातला प्रश्न मिटतोच असे नाही.

हा वाद जुना आहे. रोमचा सिसेरो याने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा मतभेद मांडला आहे. डायोजिनीस म्हणे, जे कायदा सांगायला लावतो ते सांगावे. बाकीचे न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपाटर म्हणे, माणसांचे हित एकमेकांत गुंतलेले असताना घेणाऱ्याला जे कळणे इष्ट आहे ते झाकून ठेवता येत नाही. सिसेरोने कौल दिला तो बोलण्याच्या बाजूने. आपल्याकडे शांतिपर्वात जाजली हा तपस्वी काशीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे धर्म शिकायला जातो. रानात तप करून जे जाजलीला उमगले नाही, ते तराजू समान धरणाऱ्या दुकानदाराला उमगले होते: घेणारा आपला असो की परका, दांडी दोघांसाठी सारखीच राहावी.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. ठेवावेतच, पण टाकीच्या आतले डोळ्यांना दिसत नाही, आणि जेथे डोळे पोहोचत नाहीत तेथपर्यंत देणाऱ्याचा शब्दच पोहोचतो. दुसरा असा की वस्तू फुकट दिली, मग अपेक्षा कसली? आम्हांस वाटते की फुकट दिलेल्या वस्तूची जबाबदारी उलट वाढते. पैसे मोजणारा चार प्रश्न विचारतो. राखणदार धन्याने प्रेमाने दिलेल्या बत्तीविषयी प्रश्न विचारत नाही, कारण विचारणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. ज्याला विचारता येत नाही त्याला न विचारता सांगावे लागते. शिवाय भडका झाला तर तो ज्याने बत्ती स्वीकारली त्याच्यापुरता थांबत नाही. खोपटात निजलेल्या पोराने कोणताही करार केलेला नसतो. कायद्याने कन्येला जो मान दिला, तो आगीच्या वस्तूबाबत प्रत्येक घेणाऱ्याला द्यावा, कारण आग नाते ओळखत नाही.

दोष सांगण्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्यासारख्या जुन्या घरांना थोडी अवघड जाईल. बत्ती नातवंडांच्या हाती देताना आपण सांगतो की आपल्या घरच्या वरातीत अशा बत्त्यांची रांग असे, रस्ता दिवसासारखा उजळे. ते खरेच. पण त्या बत्त्या आपोआप चालत नव्हत्या. कोणाच्या तरी डोक्यावर त्या होत्या. कानाशी तापलेल्या धातूची धग आणि वर दाबाखालची टाकी घेऊन कोणी तरी, बहुधा दिवसाच्या मजुरीवर, मैलभर चालत होते. नवऱ्या मुलाचा चेहरा सर्वांना दिसावा म्हणून जे उजेड वाहत, त्यांचे चेहरे छायाचित्रांत क्वचितच सापडतात. घरचे वैभव सांगताना ही गोष्ट वगळली तर तेही देणाऱ्याचे मौनच होय. टाकीची चीर लपवली तर घेणाऱ्याचे घर धोक्यात येते. ही चीर लपवली तर घेणाऱ्याची समजूत अपुरी राहते.

आमचे सांगणे थोडक्यात असे. बत्ती देताना तिच्या मुठीला एक चिठ्ठी बांधावी. बनावट कोणती, शेवटची केव्हा पेटवली होती, काय बदलले, कोठे गळते आणि काय करू नये, इतके तीवर लिहावे. टाकी संशयास्पद असेल तर निपल, नळी आणि पंप काढून घेऊनच ती शोभेसाठी द्यावी, म्हणजे कोणाच्या उत्साहाला पेटवण्याची वाटच राहणार नाही. चिठ्ठीमुळे वस्तूचे मोल उणावेल, कदाचित घेणारा ती परतही करील. करू द्यावी. वस्तूचे गुण घेणाऱ्याला वापरता वापरता कळतीलच. दोष मात्र देणाऱ्याने आपल्या हाताने आधी द्यायचे असतात.