उडीचं बटण कोणतं?

तुळजापूर

चि. भाचेबुवांस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. आक्काच्या जुन्या शोकेसच्या फळ्या कापून दुकानात गेमचा डबा उभा केलास, रास्पबेरी पायवर गेम चालू केलेस, झकास. आता वीस बटणं आणि वीसच्या वीस पेटती पाहिजेत, तीही सात रंगांत, असं म्हणतोस. फोनवर बोललो असतो तर 'हो मामा, हो मामा' करून अर्धं सोडून दिलं असतंस. म्हणून कागद घेतला.

1996 च्या सुमाराला स्टँडाजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरात मी दुरुस्तीला जायचो. रुपयाला एक डाव. सगळ्यांना मुस्तफाच पाहिजे. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, 1993 चा. पण त्यातल्या टोपीवाल्या गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून आपल्याकडं गेमचंही तेच नाव पडलं. त्याला बटणं लागतात दोन, एक मारायला आणि एक उडीला. पण पार्लरातलं कॅबिनेट होतं स्ट्रीट फायटरचं, सहा बटणांचं. नवरात्रात आलेलं लेकरू सहाही बटणं बडवायचं, डायनोसॉरनं तुडवलं की 'बटण खराब हाय' म्हणून रुपया परत मागायचं. मग मीच अक्कल लढवली, सहाही बटणांखाली बॅटरीचे बारके बल्ब बसवले. दिसायला जत्रा! गर्दी वाढली आणि भांडणं दुप्पट झाली, कारण आता मेलेली चार बटणंही 'मला दाब' म्हणून बोलवायला लागली. आठवडाभरानं चार बल्ब मीच मुकाट्यानं काढले. भांडणं थांबली.

गोंधळ्याच्या हातात दिवटी असते म्हणून अंगणातल्या शंभर माणसांची नजर एका जागी जाते. अंगणभर ट्यूबलाइट लावल्या तर दिवटीकडं कोण बघेल? अटारीच्या 1979 च्या 'ॲस्टरॉइड्स'मध्ये नाणं पडलं की फक्त स्टार्टचं बटण लुकलुकायचं. दिव्याचं काम तेवढंच होतं: आता इथं दाब.

म्हणून सगळ्या दिव्यांना एकच वायर देऊ नकोस, दोन गट कर. नाणं, स्टार्ट आणि प्रत्येक खेळाडूची पहिली दोन बटणं हा एक गट, कायम पेटता. उरलेल्या बटणांची पॉझिटिव्ह वायर डब्याच्या मागं एका साध्या टॉगल स्विचमधून ने. मुस्तफा लावला की स्विच खाली, स्ट्रीट फायटर लावला की वर. गेम बदलला की आपोआप दिवे बदलणारे बोर्डही मिळतात, आर्डुइनोवरही जमतं. पण आधी हे वीस रुपयांचं टॉगल लावून बघ. पोरं स्वतःच ते फिरवायला शिकतील.

आता वायरिंग. बटणात दोन वेगळे संसार आहेत, ते एकत्र नांदवू नकोस. मायक्रोस्विचचा 'कॉमन' आणि 'एनओ' पाय जातो एन्कोडरला, म्हणजे कोणतं बटण दाबलं ते गेमला सांगणाऱ्या बोर्डाला, तो खेळ. दिव्याचे दोन पाय जातात दिव्याच्या सप्लायला. तुझ्या रास्पबेरी पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या, तिथं चुकून 12 व्होल्टची वायर लागली तर बोर्ड गेला म्हणून समज. म्हणून खेळाच्या वायरी एका रंगाच्या, दिव्याच्या दुसऱ्या, आणि तो नियम विसाव्या बटणापर्यंत पाळ. कंटाळा येतो तो पंधराव्या बटणाला, घोटाळाही तिथंच होतो.

बटणं घेताना 5 व्होल्टची की 12 ची ते विचार. 12 ची 5 वर लावलीस तर काजव्यासारखी मिणमिणतात. साधा सुटा एलईडी टाकणार असशील तर 5 व्होल्टला 220 ओहमचा रेझिस्टर पुरतो: लाल दोन व्होल्टच्या आसपास पेटतो, त्यातून साधारण 14 मिलिअँपिअर जातात, निळ्या-पांढऱ्याला तीन व्होल्ट लागतात, तिथं 9. निळा डोळ्यांत खुपला तर 470 चा लाव. वीस बटणं प्रत्येकी 20 मिलिअँपिअरनं धरली तरी 400 होतात आणि यूएसबीच्या जुन्या पोर्टची मर्यादा 500. तेव्हा पायकडून उसनवारी नको, जुना मोबाईल चार्जर दिव्यांना वेगळा दे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर 12 व्होल्टचे दिवे लावायची तुझी युक्ती चांगली आहे, पण चार्जिंगच्या वेळी ती बॅटरी 14 च्या वर जाते, हे ध्यानात ठेव. शिवाय बॅटरीजवळच फ्यूज टाक.

बटणं आणण्याआधी एक गोष्ट बघ. खिटी दाबून बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात. तुझा प्लाय 18 मिलिमीटर, तिथं लांब मानेचं नटवालं बटण लागेल. भोक 30 चं की 28 चं ते बटण हातात आल्यावरच पाड. इथं मिळणार नाहीत, पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी कर नाहीतर ऑनलाइन मागव.

दिव्यांपेक्षा मला काळजी आहे ती अर्थिंगची. 12 व्होल्टचा पत्र्याचा सप्लाय वापरलास तर त्याच्या पत्र्याला अर्थ दे, जॉयस्टिकच्या लोखंडी पट्टीलाही दे. दुकानाचा अर्थिंगचा खड्डा मुरमात आहे, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो. त्यात पाणी कोण घालतं ते दाजींना विचार. कोणी घालत नसणार. आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच लाइट तोडणारा स्विच, बसव, बटणांचे पैसे कमी पडले तरी चालेल. घामेजल्या हातांची अनवाणी लेकरं त्या डब्याला चिकटून उभी राहणार आहेत.

पुढच्या रविवारी नळदुर्गला येतो. आक्काला म्हणावं, हुरडा असेल तर ठेव. मुस्तफा लावून ठेव, दुकानातला दिवा बंद कर. पहिला रुपया मी टाकणार. उडीचं बटण कोणतं ते मात्र मला सांगायचं नाही.

तुझा,
मामा