पलीकडून हाक मारू नका

पोर आगाऊ आहे, हे मला सांगू नका. दोन-अडीच वर्षांचं पोर आगाऊ नसतं, त्याच्याबरोबरचं मोठं माणूस बेसावध असतं. रविवारी संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर काय चालतं ते मी बघते, आणि या खोलीतली बरीच तोंडं मला तिथे दिसतात. तेव्हा माना खाली घालू नका, ऐका.

सुरूच्या बनाला लागून जातो तो रस्ता म्हणजे गावातली पाखाडी नव्हे. पावसला जाणारा वाहता रस्ता आहे तो. खाडीवरच्या पुलाकडून रत्नागिरीच्या गाड्या येतात, झरी विनायकाकडून पावसची एस्टी येते, शिवाय पर्यटकांच्या मोटारी. अशा जागी बाबा पलीकडे शहाळ्याचा भाव करत उभे, आई पोराला घेऊन अलीकडे. आणि बाबा हात हलवून ओरडतात, "ये रे बाळा, ये!" अहो, ते येणारच! त्याला रस्ता दिसत नाही, बाबा दिसतो. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते. पोर पाहून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढा सेकंद गेलेला असतो. गाडी थांबायची ती त्याच्याही पुढे. मग चालकाला शिव्या घाला, जमाव करा, काय हवं ते करा. हाक कुणी मारली होती?

"आम्ही शिकवलंय हो बाई, दोन्हीकडे बघून जायचं." शिकवलंय ना? पोपटासारखं म्हणूनही दाखवतं ते. पण येणारी गाडी किती लांब आहे, किती जोरात आहे, याचा अंदाज आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही धड येत नाही. तुमच्या पोराला अजून डावी चप्पल कुठली नि उजवी कुठली ते कळत नाही! शिकवायचंच तर 'थांब' शिकवा, अंगणात, रोज. आणि तो शब्द गमतीत वापरू नका. घरी "थांब, पकडते तुला" म्हणत त्याच्यामागे पळता आणि रस्त्यावर तेच ओरडता. त्याला वाटतं खेळ सुरू झाला. ते हसत हसत आणखी जोरात पळतं.

हात धरलाय म्हणता, तो कसा धरलाय तेही बघते मी. पोराने तुमचं एक बोट धरलेलं असतं आणि तुमच्या दुसऱ्या हातात फोन. त्याला कुत्रं दिसलं, गोळेवाला दिसला, की बोट सुटलं. बोट त्याने धरायचं नाही, मनगट तुम्ही धरायचं. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. आणि पोर गडग्याच्या बाजूला, वाहनांच्या बाजूला तुम्ही. पावसाळ्यात रेनकोटची टोपी डोळ्यांवर आली की त्याला बाजूचं काही दिसत नाही, आणि तुम्ही छत्रीखाली. तेव्हा सरळ कडेवर घ्या. कंबर दुखते? दुखू दे.

गुडघे धरलेल्या आजोबांच्या हाती वाहत्या रस्त्याला पोर सोपवून स्वतः गप्पा मारणाऱ्यांना तर मी वेगळं बोलावणार आहे. आणि ज्यांची घरं रस्त्यालगत आहेत, त्यांनी बेडं लावून घ्यायला काय होतं? उघड्या बेड्यातून धावत सुटलेलं पोर गडग्याआडून एकदम रस्त्यावर येतं. चालकाला ते आधी दिसणार कुठून?

राहिली गाडी मागे घेण्याची गोष्ट. अडीच वर्षांच्या मुलाची उंची तीन फुटांच्या आसपास. मोठ्या मोटारीच्या अगदी मागे ते वाळूत शिंपले वेचत बसलं असेल तर आरशात दिसत नाही. किनाऱ्यावरून निघताना आधी पोर कुणाच्या तरी कडेवर आहे हे डोळ्यांनी बघा, गाडीमागे एक फेरी मारा, मग चावी फिरवा. "मागे कोण आहे का रे?" असं आतूनच विचारू नका.

उद्यापासून बालवाडी सुटताना एक होईल. रस्त्यापलीकडे स्कूटरवर बसून हाका मारणाऱ्याकडे मी मूल सोडणार नाही, मग तुम्ही कितीही हॉर्न वाजवा. उतरायचं, रस्ता ओलांडून दारापर्यंत यायचं, फोन खिशात टाकायचा, मनगट धरायचं. ज्यांना घाई आहे, त्यांनी घरून दहा मिनिटं आधी निघावं.