राहिलेली क्रिया आणि रुग्णवाहिकेचा भोंगा

शंका : मे २०२१ मध्ये वडील कोविडने गेले. आम्ही दोघे भाऊ तेव्हा पॉझिटिव्ह, त्यामुळे महापालिकेच्या माणसांनीच अग्नी दिला. अस्थी तेवढ्या मिळाल्या. दहावे-तेरावे राहिले ते राहिलेच. धाकट्याचे लग्न जमत नाही म्हणून गुरुजींना विचारले, तर म्हणाले, ‘वडील अडकलेत, नारायण-नागबळी करा. दक्षिणा दोन हप्त्यांत दिलीत तरी चालेल.’ मला अजून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की दरदरून घाम फुटतो. रात्री फोन वाजला की छाती धडधडते. त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने मी जातच नाही. वडीलच काही सुचवत असतील का?

समाधान : नाही. वडील अडकलेले नाहीत आणि काही सुचवतही नाहीत. अशा बाबतीत मी काशिनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ प्रमाण मानतो. मुलगा हजर नसेल तर दुसऱ्याने अग्नी द्यावा, राहिलेली क्रिया पुढे करावी, देहच हाती लागला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावे, इथपर्यंत शास्त्राने सोय करून ठेवली आहे. तुमच्या वडिलांना तर रीतसर अग्नी मिळाला.

आता नागबळीचे. नारायणबळी दुर्मरणासाठी, म्हणजे आत्महत्या, सर्पदंश, बुडून मरण यांसाठी. नागबळी नाग मारल्याच्या दोषासाठी. तापाने गेलेला माणूस यात बसतो कुठे? वडिलांनी कधी नाग मारला होता का, एवढे तरी गुरुजींनी विचारले? हप्त्यांचे मात्र आठवणीने सांगितले!

कोविडच्या त्या दिवसांत पीपीई किट घालून, घामाने निथळत चितेपाशी उभे होते ते पालिकेचे कर्मचारी आणि स्वयंसेवक. कित्येक ठिकाणी त्यांत मुसलमानही होते. आज घरोघर पितृदोष शोधणारे तेव्हा व्हिडिओ कॉलवर तेरावे उरकत होते. त्या कर्मचाऱ्यांना झोप लागते का, हे कुणी विचारलेले माझ्या ऐकिवात नाही. दोष शोधायचाच असेल तर या न विचारण्यात शोधा.

तुमचा घाम, धडधड, रस्ता टाळणे, हा मनाला बसलेला धक्का आहे. वाईट बातमी भोंग्याबरोबर आणि रात्रीच्या फोनवर आली, म्हणून शरीर त्या आवाजांना अजून संकटच समजते. बहुतेकांचे हे हळूहळू ओसरते. काहींचे वर्षानुवर्षे राहते. रस्ता टाळला की तेवढ्यापुरते बरे वाटते, पण भीती मुरते. मानसोपचारतज्ज्ञ तो प्रसंग पुन्हा पुन्हा बोलायला लावतात आणि टाळलेल्या गोष्टींकडे बेताबेताने नेतात. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येते. आधी तिथे फोन करा.

क्रिया राहिल्याची चुटपुट असेलच, तर वडिलांच्या तिथीला घरच्या घरी श्राद्ध करा. पानावर त्यांच्या आवडीचे वाढा आणि आईला त्या दिवसांबद्दल बोलू द्या. तिला आजवर कुणी विचारले नसेल.

राहिले धाकट्याचे लग्न. मुली का नाकारतात, हे त्यालाच विचारा. नोकरी, घर, स्वभाव, काहीतरी निघेल. त्यात वडिलांना ओढू नका.